खोत बदलतोय, खोती तशीच आहे

“दादा, फिफा अरबांनी घेतली. आता संपलं सगळं.”

चुलत भावाचा हा निरोप आला तेव्हा आम्ही नागपूरच्या पिशव्या भरत होतो. विजयादशमी २ ऑक्टोबरला होती, दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची गाडीची गडबड चालली होती आणि या पोराला गेमची पडली होती. मी रागाने एक अंगठा टाकला आणि मोबाईल खिशात घातला. पण गाडीत बसल्यावर त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. पोरगा बावीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, दिवसा एका गोदामात काम करतो. रात्री दीड-दोन तास तो ज्या जागी स्वतःच्या मर्जीने असतो, ती जागा म्हणजे ही गेम. ती जागा विकली गेली आणि त्याला कळलं बातमीतून. त्याचं दुःख खोटं नव्हतं. त्याने बोट मात्र चुकीच्या जागी ठेवलं होतं. म्हणून हा लेख.

आधी व्यवहार काय आहे ते बघू. २९ सप्टेंबर २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे पोरं ज्याला नुसतं ‘ईए’ म्हणतात, या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की ती ५५ अब्ज डॉलरला विकली जात आहे. रुपयांत पावणेपाच लाख कोटींच्या वर. आपल्या महाराष्ट्र राज्याचा वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा, यावरून अंदाज करा. घेणारे तिघे. सौदी अरेबियाचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड, ज्याचे अध्यक्ष तिथले युवराज मोहम्मद बिन सलमान आहेत. दुसरी सिल्व्हर लेक ही गुंतवणूक कंपनी. तिसरी अॅफिनिटी पार्टनर्स, ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांची. या जावईबापूंच्या कंपनीतही सौदी फंडाचे दोन अब्ज डॉलर आहेत, हे ध्यानात ठेवा. डिसेंबरात भागधारकांनी मंजुरी दिली. जून २०२६ पर्यंत व्यवहार पुरा करायचा असं ठरलं होतं.

१९९३ पासून फुटबॉलची फिफा गेम ही कंपनी काढते. फिफा या संघटनेशी बिनसल्यावर २०२३ पासून तिचं नाव ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं. पण कोल्हापुरात अजून कुणी एफसी म्हणत नाही. “फिफा लाव” असंच म्हणतात.

कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अर्ध्या शहराचं काम थांबतं. इथले संघ तालमींचे आहेत. कुस्तीच्या तालमी, त्यांचेच फुटबॉल संघ, त्यांच्याच पेठा. याचं कौतुक मराठी वर्तमानपत्रं दरवर्षी करतात, मीही करतो. पण एक प्रश्न त्या कौतुकात कुणी घालत नाही, तो मी घालतो. पेठेची तालीम म्हणजे पेठेतल्या कुणाची? मी सातवी-आठवीत असताना ज्या मैदानावर खेळायला जायचो तिथे मला “कुठला रे तू?” असं विचारत. वस्तीचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न लागत नसे. मला कुणी हाकलून दिलं नाही. फक्त संघ पाडताना माझी पाळी येत नसे. बॉल गटारात गेला की मात्र माझी आठवण व्हायची. हे वाचून “असं कुठं असतंय आता” म्हणणारे आहेत. त्यांनी आपल्या पेठेतल्या संघाच्या गेल्या वीस वर्षांच्या याद्या काढून बसावं.

तेव्हा आम्ही कॅफेत जायचो. दहा रुपयांना अर्धा तास. दोन कीबोर्डवर चार पोरं, एक फिफा आणि एक क्रिकेट ०७. सीडी अस्सल नव्हती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या काळी अस्सल सीडीच्या किमतीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा यायचा. त्या पडद्यावर एकाचं नाव प्लेअर वन, दुसऱ्याचं प्लेअर टू. आडनाव नाही, वस्ती नाही. जो जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल. मला आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या खेळावर जागा मिळाली ती त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. उगाच गोडवे गात नाही. पुढे इंटरनेटवर खेळायला लागल्यावर कानातल्या हेडफोनमध्ये आरक्षणावरचे विनोद आणि जातीवरून शिव्याही ऐकल्या. तरी ती खुर्ची मी विसरलेलो नाही.

म्हणून चळवळीतल्या आमच्या काही ज्येष्ठांना आधी उत्तर देतो. “गेम हा काय आपला विषय आहे का? पोरं बिघडली त्यानं.” काका, आदराने सांगतो, पोरं कुठे बसतात, कशावर पैसे घालतात आणि कुणाच्या अटींवर, हा आपला विषय नसेल तर आपला विषय उरला कोणता? बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याचा प्रश्न केला तो महाडात प्यायला दुसरं पाणी मिळत नव्हतं म्हणून नव्हे. सगळ्यांची म्हणून जी जागा आहे तिथे मी कोणत्या नात्याने उभा राहतो, हा तो प्रश्न होता. आजची पोरं पडद्यावर एकत्र येतात. ती जागा कुणाची, हे विचारायलाच हवं.

आता चाहत्यांकडे वळतो. बातमी आल्यापासून जे लिहिलं-बोललं जातंय त्यात दोन सूर आहेत. पहिला माझ्या भावाचा: अरबांनी घेतली. यात ‘घेतली’पेक्षा ‘अरबांनी’वर जोर आहे आणि तो जोर कुठून येतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून या शहरात काय झालं, इंटरनेट किती दिवस बंद होतं, कुणाची दुकानं फुटली, हे आपण पाहिलं आहे. ज्या पोरांना तेव्हा रस्त्यावर उतरवलं त्यांच्यात आपलीही होती. तेव्हा भावा, तुझ्या गेमची काळजी कर, पण त्या काळजीच्या गाडीत द्वेषाला बसवून नेऊ नकोस. कंपनीचा सध्याचा मालकवर्ग अमेरिकेतला होता तेव्हा तू “ख्रिश्चनांची गेम” म्हणाला होतास का?

याचा अर्थ सौदी सत्तेबद्दल बोलायचं नाही असा नाही. बोलायचं ते नीट. तिथे कामगार संघटना काढता येत नाही. तिथल्या कफाला पद्धतीत परदेशी मजुराचा कागद मालकाच्या हातात असायचा; मालक सोडेल तरच दुसरीकडे जाता यायचं. सुधारणा केल्याचं तिथलं सरकार जाहीर करत असतं. पण वतनाच्या नावाखाली ज्यांच्या आजा-पणजांना गावाने रात्री-अपरात्री हाक मारून राबवलं, त्यांनी ही पद्धत लगेच ओळखावी. त्या मजुरांत आपल्या देशाची माणसं लाखांनी आहेत. २०३४ चा विश्वचषक सौदीत होणार हे डिसेंबर २०२४ मध्ये नक्की झालं. त्याची मैदानं हेच हात बांधणार आणि ती मैदानं आमची पोरं गेममध्ये निवडणार. सौदीत बायकांना स्टेडियमात जाऊन फुटबॉल बघायची मुभा मिळाली ती जानेवारी २०१८ मध्ये. या गेममध्ये महिलांचे संघ २०१५ सालच्या आवृत्तीपासून आहेत. ते पुढे राहतील का, कसे राहतील, हे विचारणं म्हणजे द्वेष नाही.

आणि हा फंड खेळात नवखा नाही. इंग्लंडचा न्यूकॅसल युनायटेड क्लब २०२१ मध्ये त्याच्या पुढाकाराने विकत घेतला गेला. २०२३ मध्ये सौदीतल्या चार मोठ्या क्लबांची बहुसंख्य मालकी त्याने घेतली. रोनाल्डो ज्या अल नस्रकडून खेळतो तो त्यातलाच. आता गंमत बघा. युवराजांच्याच मिस्क फाउंडेशनने एसएनके ही जपानी गेम कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये तिची ‘फेटल फ्युरी’ ही मारामारीची गेम आली, तर त्यात लाथा घालायला कोण? रोनाल्डो! फुटबॉलपटू, कराटेवाल्यांच्या गर्दीत. कुठल्या चाहत्याने ही मागणी केली होती? मालकाच्या मनात आलं, झालं. भावाची भीती इथे खरी आहे. पण ती अरब असण्याशी जोडलेली नाही. मालकाच्या मनात आलं की होतं, हा तो रोग आहे.

आणि हा रोग सौदी पैशासोबत आलेला नाही. तो आधीपासून घरातच होता. या कंपनीची उत्पन्नाची मोठी बाजू आता गेम विकण्याची राहिलेली नाही. वर्षाच्या उत्पन्नाचा सुमारे पाऊण वाटा ‘लाइव्ह सर्व्हिसेस’ नावाच्या खात्यातून येतो, म्हणजे गेम घेतल्यावर आत जे पुन्हा पुन्हा विकलं जातं त्यातून. फुटबॉलच्या गेममध्ये त्याचं नाव अल्टिमेट टीम. पैसे भरा, बंद पाकीट उघडा, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. एम्बापे निघाला तर उडी मारा, नाही निघाला तर अजून एक पाकीट. बेल्जियमने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला कंपनीला तिथली विक्री बंद करावी लागली. आमच्याकडे मात्र पोराने बापाच्या फोनमधून पैसे कापले की बाप पोराला बडवतो. पाकीट विकणाऱ्याला कुणी विचारत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. वर्षभर राबून, पैसे घालून जमवलेला तो संघ पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत येत नाही. नवी गेम, नवे पैसे, संघ शून्यापासून. जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हर काही वर्षांनी बंद होतात. २०२३ मध्ये नाव बदललं तेव्हा जुन्या फिफा आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढून टाकल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं: तू वस्तू विकत घेत नाहीस, फक्त वापरायचा परवाना घेतोस. कायदा करावा लागला याचाच अर्थ असा की तोवर लोकांना वाटत होतं, आपण विकत घेतोय.

पैसे दरवर्षी द्यायचे, राबायचं, मशागत करायची आणि सातबारा कधीच आपल्या नावावर नाही. याला आमच्या भाषेत जुना शब्द आहे. कूळ.

कोल्हापूरच्या घाटाखाली उतरलं की रत्नागिरी. तिथे खोती होती. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत. जमीन कसायची कुळाने, खंड ठरवायचा खोताने. कूळ पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसत असे, झाडं त्याने लावलेली, बांध त्याने घातलेले, तरी खोताने उठ म्हटलं की उठायचं. खोत आपला वाटा विकायचा, गहाण टाकायचा, भावकीत वाटायचा. कुळाला कळायचं नव्या खोताचा माणूस खंड मागायला दारात आला की. त्या कुळांमध्येही वाद असणारच: जुना खोत बरा होता, निदान सणाला बोलवायचा, हा नवा कुठला कोण.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. ते चांगला खोत नेमण्याचं विधेयक नव्हतं, खोत आपल्या गावचा असावा असंही त्यात नव्हतं. खोतीच रद्द करायची, खोताला वाजवी भरपाई द्यायची आणि कसणाऱ्याचं नाव जमिनीला लावायचं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. आणि आपल्या कोल्हापुराला तर कोकणात जायचीही गरज नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द करून त्या जमिनी रयताव्याने कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. वतनात जमीन होती, पण तिच्याबरोबर वेठ होती. महाराजांनी वेठ कमी केली नाही, वेठीचं मूळ कापलं.

या दोन माणसांच्या वारसांनी गेमचा मालक अमेरिकन असावा की सौदी यावर भांडत बसावं?

काही वाचक म्हणतील, जमीन कुठे आणि गेम कुठे. जमिनीवर पोट होतं, गेम म्हणजे चैन. मान्य. उपाशी मरण्याची बरोबरी मी करत नाही. पण नातं कसं आहे ते बघा. ज्याच्या श्रमाने आणि पैशाने किंमत वाढली त्याला विक्रीच्या वेळी कुणी विचारलं नाही. भागधारकांना विचारलं. त्यांना शेअरमागे २१० डॉलर मिळणार, बातमीच्या आधीच्या भावापेक्षा पंचवीस टक्के जास्त. त्यांचं मतदान झालं. ज्यांनी गेम बनवली त्या कामगारांचं नाही झालं आणि ज्यांनी ती तीस वर्षं खेळून मोठी केली त्यांचं तर नाहीच नाही.

आता या व्यवहारातला सगळ्यात वाईट भाग, ज्याबद्दल चाहते सगळ्यात कमी बोलतात. ५५ अब्जांतले २० अब्ज डॉलर कर्ज आहे. हे कर्ज सौदी युवराज फेडणार नाहीत. ते विकत घेतलेल्या कंपनीच्या बोकांडी बसणार. तुमची म्हैस मी विकत घ्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं आणि हप्ते म्हशीच्या दुधातून कापायचे. चारा कमी झाला तर म्हशीचं नशीब. साधा हिशेब मांडा. व्याज आठ टक्के धरलं तरी वर्षाला १.६ अब्ज डॉलर होतात. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा होता सुमारे १.१ अब्ज. मग उरलेला पैसा कुठून येणार? दोनच जागा आहेत. पाकिटं अजून महाग होतील, नाहीतर माणसं कमी होतील. माणसं कमी करायची सवय तर जुनीच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत याच कंपनीने पाच टक्के कामगार कमी केले होते आणि तेव्हा डोक्यावर हे कर्जही नव्हतं.

अशा खरेदीचा याआधीचा विक्रम २००७ चा. टीएक्सयू नावाची टेक्सासची वीज कंपनी अशीच अवाढव्य कर्ज काढून घेतली गेली. २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ‘टॉइज आर अस’ ही जगप्रसिद्ध खेळण्यांची दुकानं २००५ मध्ये अशीच घेतली गेली, २०१७ मध्ये दिवाळं निघालं आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. आपल्या भागातल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. सहकारी साखर कारखाने कर्जात कसे जातात, मग आजारी कसे होतात आणि शेवटी कुणाच्या खासगी कंपनीच्या नावावर कसे निघतात, हे ऊस घालणारा प्रत्येक सभासद सांगेल. ऊस तोडणाऱ्याला तर विचारूच नका, तो कधी सभासदच नव्हता.

अमेरिकेतल्या गेम कामगारांच्या संघटनेने या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, सरकारी यंत्रणांनी व्यवहार तपासावा अशी मागणी केली. म्हणणं सरळ होतं: कंपनी बुडत नव्हती, मग विकायची कुणाच्या भल्यासाठी, आणि ज्यांची नोकरी जाणार त्यांना बोलणीत जागा का नव्हती? या कंपनीचं मोठं ऑफिस हैदराबादलाही आहे. तिथे आपल्याकडची इंजिनियर पोरं-पोरी आहेत, त्यात पहिल्या पिढीत शिकलेली कितीतरी असतील. माझ्या भावाला रोनाल्डोच्या वेगाचे आकडे पाठ आहेत. ही गेम बनवणाऱ्या एका माणसाचं नाव त्याला माहीत नाही. मलाही नाही. मालकाला हेच सोयीचं असतं: चाहता कामगाराला ओळखत नाही, कामगार चाहत्याला ओळखत नाही आणि दोघेही मालकाला नावानिशी ओळखतात.

जयप्रभा स्टुडिओ आठवा. लता मंगेशकरांच्या मालकीचा हा स्टुडिओ एका खासगी भागीदारी कंपनीला विकल्याचं फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत बाहेर आलं. शहर पेटलं. चित्रपट कामगार, तंत्रज्ञ, कलाकार फाटकाशी उपोषणाला बसले. तेव्हाही निम्मी चर्चा ‘कुणी घेतला’ यावरच झाली; पण निदान काही लोक म्हणत होते की ही वास्तू कुणाच्याही खासगी नावावर राहू नये, ती शहराची व्हावी. मला ते आंदोलन अपुरं वाटलं, कारण भालजी पेंढारकरांचं नाव सगळे घेत होते आणि तिथे सेट उभारणाऱ्या सुताराचं, लाइट धरणाऱ्या पोऱ्याचं कुणी घेत नव्हतं. पण एक गोष्ट तिथे होती. फाटक होतं. त्या फाटकासमोर बसता येत होतं. गेमला फाटक कुठे आहे? कॅलिफोर्नियातल्या ऑफिससमोर बसायला माझ्या भावाला व्हिसा कोण देणार?

दुसऱ्या सुराकडे आता येतो. हे स्वतःला व्यवहारी समजणारे. “मालक कोण का असेना, गेम चांगली निघाली की झालं.” यांना मी विचारतो, चांगली निघाली नाही तर काय कराल? उत्तर येतं, घेणार नाही. बरं. मग तुम्ही आतापर्यंत घातलेले पैसे, जमवलेले खेळाडू, मित्रांबरोबर केलेली लीग? ते गेलं. म्हणजे तुमच्या हातात एकच हक्क आहे, उठून जाण्याचा. कुळालाही तो हक्क होता.

आणि खऱ्या मैदानावर तरी वेगळं काय चाललंय? २०२५ च्या जुलैत आपली इंडियन सुपर लीग थांबली. फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सशी संबंधित कंपनी यांच्यातला हक्कांचा करार संपत आला होता, नवा ठरत नव्हता, म्हणून अख्खा हंगाम लटकला. खेळाडूंचे पगार अडकले, पोरांची उमेदीची वर्षं गेली. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला देशाकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तेव्हा इथल्या गल्लीबोळातल्या पोरांना वाटलं की आता आपलाही रस्ता झाला. तो रस्ताही कुणाच्यातरी करारावर होता.

मग करायचं काय? गेम कंपनी सरकारने ताब्यात घ्यावी असं मी म्हणत नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योगांबद्दल जे मांडलं ते फुटबॉलच्या गेमला जसंच्या तसं चिकटवणं हा पोरकटपणा होईल. पण त्या पुस्तिकेतला मुद्दा घ्यायचा तो हा, की राज्य बाजूला झालं म्हणजे माणूस आपोआप मोकळा होत नाही, त्याच्यावर खासगी मालकाची हुकूमत येते. त्या हुकुमतीला कायद्याची वेसण लागते. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांच्या वर सह्या जमवल्या. मागणी एवढीच: विकलेली गेम कंपनीने सर्व्हर बंद करून मारू नये, लोकांना स्वतःच्या बळावर ती चालवता येईल अशा स्थितीत सोडून जावं. सुरुवात कुठून झाली, तर ‘द क्रू’ नावाची गाड्यांच्या शर्यतीची एक गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद केली गेली. पैसे मोजून घेतलेल्यांनाही ती उघडेना. त्यावर चाहते रडत बसले नाहीत, कायद्याच्या दारात गेले. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या गेम बंद झाल्या, जाहिरातीतले क्रिकेटपटू गप्प झाले. खेळणाऱ्याच्या मालकीबद्दल मात्र चर्चा नाही. ही मागणी इथे कुणी करायची? ज्यांना कूळ असणं काय असतं हे आजोबांकडून कळलंय त्यांनी नाही, तर कुणी?

मी भावाला हे सगळं नागपूरहून परतल्यावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दादा, पण मला गेम आवडते.” मलाही आवडते. म्हणून तर एवढं लिहिलं. आवडत नसती तर एका ओळीत विषय संपला असता.

मग मी त्याला आमची क्रिकेट ०७ काढून दाखवली. याच कंपनीची, २००६ च्या अखेरीस आलेली. त्यानंतर कंपनीने क्रिकेटची गेम काढणंच सोडून दिलं. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश इथली कोट्यवधी पोरं खेळत होती, तरी खोताला त्या जमिनीत रस राहिला नाही. त्या गेममध्ये आपल्या खेळाडूंची खरी नावंसुद्धा नव्हती. नावांचा परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचाच घेतलेला, बाकीच्यांची नावं मोडतोड करून घातलेली. आपल्या नावाचं असं होणं आपल्याला नवीन नाही, पण पोरांनी ते चालवून घेतलं नाही. कुठल्या कुठल्या गावांतल्या पोरांनी फायली उघडल्या, नावं दुरुस्त केली, नवे कपडे चढवले, २००८ मध्ये आयपीएल आली तर तिचे संघ बसवले. दर हंगामाला नव्या याद्या निघतात. पैसा कुणी घेत नाही. कागदावर मालकी आजही कंपनीचीच आहे, विक्री झाली की तीही नव्या मालकाकडे जाईल. पण गेली जवळपास वीस वर्षं ती जमीन कसली कुणी, हे सगळ्यांना माहीत आहे.

भावाने संघ निवडला. यादीत खाली गेला, एका खेळाडूचं नाव चुकीचं होतं. “हे आपल्याला बदलता येतं?” त्याने विचारलं. येतं म्हटलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, त्याला सकाळी गोदामावर जायचं होतं. तरी बसला.